श्रुति, जवारी आणि मोटारींतील इक्वलायझर

साताऱ्याहून सांगलीस जाण्याचा रस्ता आमच्या घरच्या मंडळींना पाठ आहे. कऱ्हाडावरून पेठ नाक्यापर्यंत हमरस्त्यानें जावें, तेथून पूर्वेस वळून आष्ट्यावरून सांगली गांठावी, आणि सांगलीच्या पुढें थोड्याच अंतरावर मिरज. गेल्या पावसाळ्यानंतर या रस्त्यानें आम्ही नव्या मोटारींतून प्रथमच निघालों, तेव्हां माझे मामा शेजारच्या आसनावर बसले होते. मामांचें वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची सारी हयात शाळेंत गाणें शिकविण्यांत आणि मैफलींत इतरांच्या मागें बसून तंबोरा छेडण्यांत गेलेली. मागच्या आसनावर माझी बारा वर्षांची मुलगी होती. मोटारींतील गाण्याची व्यवस्था उत्तम असल्याची ग्वाही विकणाऱ्यानें दिली होती, म्हणून मीं मोठ्या हौसेनें किराणा घराण्याच्या एका गायिकेची ध्वनिमुद्रिका लावली. कऱ्हाड येईपर्यंत मामा कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "बाई गातात छान. पण त्यांच्या मागचा तंबोरा कोणीं उचलून नेला रे?"

मीं गाडी रस्त्याच्या कडेस उभी केली आणि समोरच्या पडद्यावर गाण्याच्या मांडणीचें पान उघडलें. त्यावर 'पॅरामेट्रिक इक्वलायझर' असें नांव होतें, खालीं कांहीं रांगा होत्या आणि प्रत्येक रांगेंत तीन-तीन आंकडे होते. पहिल्या रांगेंत ६३, अधिक ६ आणि ०.७, शेवटच्या रांगेंत ८०००, अधिक ५ आणि पुन्हां ०.७. "हें असेंच राहूं द्या, सर्वांना आवडतें," असें दुकानांतील माणसानें बजावलें होतें, आणि आंकड्यांविषयीं मला आदर असल्यामुळें मीं तें तसेंच राहूं दिलें होतें. त्या आंकड्यांचा अर्थ मला ठाऊक नव्हता, ही गोष्ट मात्र मीं स्वतःपाशींही कबूल केली नव्हती.

प्रसंग क्षुल्लक खरा. परंतु पुढें त्या तीन आंकड्यांचा मागोवा घेतां घेतां माझ्या ध्यानांत आलें कीं, आंकडा खरा कीं कान खरा, हा वाद याच सातारा-सांगलीच्या टापूंत शंभर वर्षांपूर्वीं मोठ्या निकरानें लढला गेला होता. त्याची हकीकत आज पुष्कळांच्या विस्मरणांत गेली आहे. ती आठवल्यावांचून मोटारींतील तें यंत्र कसें वापरावें हेंही नीट उमगत नाहीं, असा माझा अनुभव आहे.

कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टराच्या हुद्यावरून निवृत्त होऊन सांगलीस राहिलेले गृहस्थ. त्यांनीं सन १९१० मध्यें हिंदु स्वरसप्तक व बावीस श्रुति या विषयावर एक लहानसें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. आपल्या प्राचीन ग्रंथांत सप्तकाचे बावीस श्रुतींमध्यें विभाग सांगितले आहेत; परंतु प्रत्येक श्रुतीची उंची नेमकी किती, हें कोणीं आंकड्यांनीं सांगितलेलें नव्हतें. युरोपांत हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाचा ध्वनिसंवेदनेवरील ग्रंथ सन १८६३ त निघाल्यापासून स्वर म्हणजे एका सेकंदांत होणारीं कंपनें, आणि दोन स्वरांचें नातें म्हणजे त्या कंपनांचें गुणोत्तर, ही दृष्टि सर्वमान्य झाली होती. ती दृष्टि देवलांनीं आपल्या गायनास लावली. त्यांच्या प्रयोगांस खांसाहेब अब्दुल करीम खां यांच्या गळ्याचें साहाय्य लाभलें, आणि या गोष्टीचें महत्त्व फार आहे. किराणा गांवीं जन्मलेला व पुढें मिरजेस स्थायिक झालेला हा गवई सुरेलपणाबद्दल विख्यात होता. त्यानें स्वर लावावा आणि देवलांनीं तो मोजावा, असा हा योग होता.

या कामीं देवलांस एक इंग्रज सहकारी मिळाला. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे त्या काळीं साताऱ्यास जिल्हा न्यायाधीश होते. हिंदुस्थानी गायनाचा त्यांनीं इतका नाद घेतला कीं, सन १९१३ मध्यें त्यांचा त्या विषयावर स्वतंत्र ग्रंथ निघाला. साध्या बाजाच्या पेटीवर या दोघांचा रोष होता, आणि तो निराधार नव्हता. षड्जाची कंपनें २४० धरलीं, तर पंचम ३६० वर येतो; शुद्ध धैवत एका नात्यानें ४०० वर, तर दुसऱ्या नात्यानें ४०५ वर येतो. गवयाचा गळा रागाप्रमाणें या दोहोंपैकीं एका ठिकाणीं जाऊं शकतो. विलायती पेटीचे बारा स्वर मात्र सारख्या अंतरावर बसविलेले. तिचा धैवत सुमारे ४०३.६ वर पडतो, म्हणजे धड इकडेही नाहीं आणि धड तिकडेही नाहीं. यावर उपाय म्हणून क्लेमेंट्स यांनीं विलायतेहून श्रुतींची निराळी पेटी तयार करवून आणिली.

सन १९१६ च्या मार्च महिन्यांत सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाखालीं व पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकारानें बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तेथें ही श्रुतिपेटी आणि तिच्यामागचें गणित विद्वानांपुढें व गवयांपुढें ठेवण्यांत आलें. भातखंड्यांचा आक्षेप असा कीं, प्राचीन ग्रंथकारांनीं कंपनसंख्या दिलेल्या नाहींत, तेव्हां हे आंकडे त्यांच्या माथीं मारणें योग्य नव्हे. जमलेल्या गवयांच्या कानांसही त्या पेटीचे स्वर पटले नाहींत. श्रुतिपेटी मागें पडली. आणि दैवाची गंमत अशी कीं, जिच्यावर हा सारा रोष होता ती साधी पेटी मात्र पुढें मैफलींत, नाटकांत आणि घरोघरीं सुखानें नांदली.

या वादांत देवलांचा पराभव झाला, असें म्हणून विषय संपविणें अन्यायाचें होईल. त्यांनीं कानानें ऐकलेली गोष्ट आंकड्यांत उतरविली, आणि तेवढ्यापुरती ती खरी होती. त्यांची चूक, माझ्या अल्पमतीप्रमाणें, पुढच्या पायरीवर झाली. एका गळ्यावरून निघालेला आंकडा त्यांनीं सर्व गळ्यांचा नियम म्हणून उलट कानावर लादूं पाहिला. मोजणें हें ऐकण्याच्या मागून यावयाचें असतें. तें पुढें गेलें कीं गवई बिथरतो.

आतां सांगलीहून मिरजेस जाऊं. तेथें हाच प्रश्न आंकड्यांवांचून सोडविण्याची एक परंपरा आहे. सन १८५० च्या सुमारास शस्त्रांना पाणी देणाऱ्या शिकलगार समाजांतील फरीदसाहेब यांनीं येथें तंतुवाद्यें घडविण्यास आरंभ केला, असें सांगतात. तरवारींचे दिवस सरले होते आणि पटवर्धनांच्या संस्थानांत गाण्याचे दिवस आले होते. पंढरपुराकडील भोपळे आणि तुणीचें लांकूड यांपासून तंबोरे व सतारी करणारीं घराणीं तेथें आजही आहेत. सन २०२४ मध्यें मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें.

वाद्य घडविणें हें अर्धेंच काम. खरी कसोटी जवारी लावण्यांत आहे. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, परंतु तिला अत्यंत अल्प असा उतार असतो. तार त्या उताराला हलकेच स्पर्श करीत कंप पावते, आणि घोडी व तार यांमध्यें सुताचा एक धागा सरकवून तो स्पर्श नेमका साधावयाचा असतो. कारागीर कानस चालवितो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हां किंचित् घांसतो. केंसभर अधिक घांसलें तर आवाज फाटतो. कमी घांसलें तर मुका राहतो. जमलें म्हणजे एका तारेंतून अनेक सूक्ष्म स्वर उमलूं लागतात, आणि खर्जाच्या तारेंतून कोणीं न छेडलेला गांधार आपोआप ऐकूं येतो. गणितानें पाहिलें तर तो त्या तारेचा पांचवा अंशस्वर होय. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं सन १९२१ च्या सुमारास कलकत्त्यास या घोडीचा अभ्यास करून दाखविलें कीं, तार जेथें छेडावी तेथें ज्यांचा स्थिर बिंदु पडतो ते अंशस्वर सामान्य नियमानें उमटूं नयेत. पण तंबोऱ्यांत ते स्पष्ट उमटतात. ज्याचें कारण रामन यांना शोधावें लागलें, तें काम मिरजेचे कारागीर तोंपर्यंत दोन पिढ्या हातानें करीत आले होते. कोणता अंशस्वर किती वर काढावा आणि कोणता किती दाबावा, याचेंच नांव जवारी.

मोटारींतील त्या यंत्राचेंही काम नेमकें हेंच आहे. इक्वलायझर म्हणजे समकारी. टेलिफोनच्या लांब तारांतून बोलणें जाई तेव्हां त्यांतील उंच स्वर वाटेंत अधिक क्षीण होत. ते भरून काढून सर्व स्वर पुन्हां समान करण्याची जी योजना, तिला हें नांव पडलें. पुढें रेडिओवर खालचे व वरचे स्वर कमी-अधिक करण्याच्या दोन किल्ल्या आल्या, आणि नंतर ठराविक ठिकाणांच्या सरकपट्ट्यांची रांग आली. या सर्वांत एक उणीव होती: कारखानदारानें जें ठिकाण नेमून दिलें, तेथेंच हात घालतां येई. सन १९७२ मध्यें अमेरिकेंतील जॉर्ज मॅसनबर्ग यांनीं ध्वनि-अभियंत्यांच्या अधिवेशनांत जो निबंध वाचला, त्यापासून 'पॅरामेट्रिक' हें विशेषण रूढ झालें. त्याचा अर्थ एवढाच कीं, कोठें, किती आणि केवढ्या रुंदीवर, हे तिन्ही प्रश्न ऐकणाऱ्यानें स्वतः ठरवावयाचे.

आमच्या पडद्यावरील तीन आंकडे ते हेच. पहिला कंपनसंख्या सांगतो. म्हणजे सप्तकांत बोट कोठें ठेवावयाचें तें. दुसरा डेसिबेल, म्हणजे तेथील आवाज किती चढवावयाचा किंवा उतरवावयाचा तें. तीन डेसिबेल चढविले कीं त्या पट्ट्यापुरती यंत्राला दुप्पट शक्ति खर्चावी लागते. सहाला चौपट आणि दहाला दसपट. कानाला मात्र ती दसपट केवळ दुपटीएवढी वाटते. तिसऱ्या आंकड्यास 'क्यू' म्हणतात, आणि सगळा घोटाळा तेथेंच होतो. कारण हा आंकडा जितका मोठा, तितका पट्टा अरुंद. क्यू १.४ असला तर परिणाम सुमारें एक सप्तकभर पसरतो; ४.३ असला तर सप्तकाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच. ज्यांनीं पेटीवर सूर ओळखले आहेत त्यांना हें समजण्यास अडचण पडूं नये.

या ज्ञानानें दुकानदाराची मांडणी मीं पुन्हां तपासली. ६३ या ठिकाणीं ०.७ क्यूनें चढविलेला पट्टा अरुंद नव्हता. तो खालीं ३२ पासून वर १२२ पर्यंत पसरला होता. आतां मोटार ही कांहीं दिवाणखाना नव्हे. तिची आंतली रुंदी सुमारें एक मीटर चाळीस सेंटिमीटर. दोन्ही बाजूंस कांचा. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो, म्हणून इतक्या रुंदींत जी लाट नेमकी अर्धी मावते तिचीं कंपनें १२१ च्या आसपास येतात. त्या ठिकाणचा स्वर कोणीं न चढवितांच फुगतो, कांचांच्या मध्यें घुमत राहतो. गायिकेचा षड्ज काळी चारमध्यें, म्हणजे सुमारें २०८. तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, १०४. डग्ग्याचा घुमाराही तेथेंच. अशा रीतीनें आधींच फुगलेल्या जागीं दुकानदारानें आणखी भर घातली होती. मोठा ढोबळ स्वर आपल्या वरच्या नाजूक स्वरांना झांकून टाकतो, हा कानाचा धर्मच आहे. तंबोरा ध्वनिमुद्रिकेंत होता. डग्ग्याच्या घुमाऱ्याखालीं तो पुरला गेला होता.

दुसऱ्या दिवशीं सांगलीस घराच्या अंगणांत गाडी उभी करून मीं व मामा कामाला लागलों. आधीं दुकानदाराच्या सर्व वाढी काढून शून्यावर आणिल्या. मग एक अरुंद पट्टा मुद्दाम चढविला आणि त्याचें ठिकाण हळूहळू वर नेत राहिलों. ज्या ठिकाणीं घुमारा असह्य होतो, तेंच दोषाचें ठिकाण. मामा डोळे मिटून बसले होते. १२० वर येतांच त्यांनीं हात वर केला. तेथें चढ काढून क्यू ४ ठेवून पांच डेसिबेलांचा उतार दिला. म्हणजे सुमारें १०६ ते १३६ एवढ्याच पट्ट्यांत मुख्य फरक पडला. तंबोरा वर आला. मामांच्या चेहऱ्यावर तें मला आधीं दिसलें आणि मग माझ्या कानांस ऐकूं आलें.

यावरून एक नियम हातीं लागतो, आणि तो जवारीच्या कारागिरास कोणीं शिकवावा लागत नाहीं. हवा असलेला स्वर चढविण्याआधीं त्याला झांकणारा उतरवून पाहावा. कानसीनें घोडींत भर घालतां येत नाहीं, काढतांच येतें.

परंतु एका ठिकाणीं आमचें कांहीं चालेना. २४० च्या आसपास आवाज पोकळ वाटे. तेथें सहा डेसिबेल चढविले तरी फरक पडला नाहीं. मामांच्या आसनापासून डाव्या दारांतील स्पीकर जवळ आणि उजव्या दारांतील दूर. दोन अंतरांत सुमारें सत्तर सेंटिमीटरांचा फरक. या फरकामुळें २४३ च्या सुमारास एकाची लाट चढत असतां दुसऱ्याची उतरते, आणि दोघी एकमेकींस खाऊन टाकतात. चढविल्यानें दोन्ही सारख्याच चढतात. वजाबाकी शून्यच राहते. यावर उपाय इक्वलायझर नव्हे. जवळच्या स्पीकरचा आवाज दोन सहस्रांश सेकंद थांबवून धरला म्हणजे दोन्ही लाटा बरोबर पोंचतात, आणि तशी सोय निराळ्या पानावर होती. मात्र मामांच्या आसनास जें बरोबर, तें चालकाच्या आसनास उलट पडतें. एका मोटारींत दोन आसनांना एकच न्याय देतां येत नाहीं, हें मला तेव्हां प्रथम कळलें.

येथवर आमचें एकमत होतें. वाद वरच्या स्वरांवर उद्भवला. मामांना जवारीची चकाकी आणखी हवी होती. मीं ३००० च्या वर थोडें चढविलें, ते "आणखी" म्हणाले, पुन्हां चढविलें. तेव्हां मागच्या आसनावरून माझी मुलगी कानांवर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, गाणारी बाई 'स' म्हणते तेव्हां टोंचतें." मामा गप्प झाले. वाढत्या वयांत कान आधीं वरचे स्वर सोडूं लागतो, हें त्यांना ठाऊक होतें. पण आपला स्वतःचा कान तो हाच, हें त्या दिवशीं त्यांना नातीकडून कळलें. ज्यांनीं पन्नास वर्षें इतरांचे तंबोरे लावून दिले, त्यांना हें ऐकणें सोपें नव्हतें, आणि मलाही काय बोलावें तें सुचेना.

बडोद्यास जो प्रश्न उठला होता, तोच आमच्या अंगणांत उभा राहिला: प्रमाण कोणाचा कान? अनुभवी असून थकलेला, कीं ताजा असून अशिक्षित? यंत्रानें त्यावर आंकडा दिला नाहीं. तें दोघांच्या सांगण्याप्रमाणें निमूटपणें चढत-उतरत राहिलें. अखेर मामाच म्हणाले, "तिला बरें लागेल तेवढेंच ठेव. माझ्या कानांत जें उरलें नाहीं तें यंत्रांत घालून कसें भागेल? तंबोरा कसा वाजतो तें मला आठवतें. तिला तें अजून ऐकावयाचें आहे." मीं वरची वाढ काढून टाकली.

एक शेवटची दुरुस्ती रस्त्यावर करावी लागली. उभ्या गाडींत जें समतोल वाटलें, तें धांवत्या गाडींत खालीं रोडावलेलें वाटूं लागलें. कारण चाकांची घरघर खर्जाच्या स्वरांना गिळते. म्हणून ८० च्या खालीं, घुमाऱ्याचें ठिकाण टाळून, दोन डेसिबेल परत दिले. सहा नव्हेत, दोनच. हे आंकडे मीं येथें दिले आहेत खरे, परंतु कोणीं ते जसेच्या तसे आपल्या गाडींत घालूं नयेत, अशी विनंति आहे. ते एका गाडीचे, एका ध्वनिमुद्रिकेचे आणि तीन माणसांच्या कानांचे आहेत. ते उचलून नेणें म्हणजे सांगलीच्या आंकड्यांनीं बडोद्याच्या गवयांचे गळे मोजणें होय.

देवलांच्या पुस्तकास आतां शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. अब्दुल करीम खां सन १९३७ मध्यें निवर्तले आणि मिरजेच्या दर्ग्याच्या आवारांत विसावले. त्यांच्या स्मरणार्थ तेथें गाणें होत आलें आहे. आम्ही परतण्यापूर्वीं दर्ग्यास जाऊन आलों, आणि मामांच्या आग्रहावरून एका वाद्यकारागिराच्या दुकानांत थांबलों. नव्या तंबोऱ्याची जवारी लागत होती. माझी मुलगी बराच वेळ उभी राहून ऐकत होती. घोडीवर कानस दोनदां फिरली, धागा किंचित् सरकला, आणि ती एकाएकीं म्हणाली, "आतां आलें!" कारागिरानें मान वर करून तिच्याकडे पाहिलें आणि हातांतली कानस खालीं ठेविली.